कुंचीवर भरायचे नाव

पेडणे,
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. गौरवी,

तुला आणि अजून नाव न मिळालेल्या त्या राणीसाहेबांना शेवंती आत्याचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. रुद्रेश घरात असून नसल्यासारखा आहे, दर अर्ध्या तासाने लेकीचा फोटो आम्हाला दाखवतो. तीच ती झोपलेली पोर, तरी आम्ही प्रत्येक वेळी बघतो. तू मेथीची पेज खाताना नाक मुरडतेस अशी तक्रार तुझ्या आईकडून आली आहे. मुरड, पण खा.

फोन सोडून आत्याला पत्र कशाला सुचले, असे म्हणशील. फोन हातात घेतला की तुझे सासरे दाराशी येऊन उभे राहतात. माझा धाकटा भाऊ असला तरी भिकाजीला घरातले सगळे ऐकू यायला हवे असते. म्हणून हे पत्र रुद्रेशच्या हाती देते आहे. त्याने वाटेत उघडले तर तू त्याची खरडपट्टी काढ.

आता मुद्द्याचे. रुद्रेशला सख्खी बहीण नाही, म्हणून बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा. नाव आधी कळले तर कुंचीवर रेशमाने भरून आणीन, असे मीच तुला म्हटले होते. काल दुपारी जेवताना तुझा मेसेज आला आणि रुद्रेशने तो मोठ्याने वाचला, 'चांदेल ठेवूया.' भिकाजी बांगडा अर्धा टाकून पानावरून उठला. जन्मात मी त्याला मासे टाकून उठलेला पाहिला नव्हता.

संध्याकाळी माझ्या शिलाईच्या मशीनकडे येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाय, तूं सांग तिका. तुजें आयकतली ती. गांवाचें नांव कोण दवरता चेडवाक?"

गावाचे नाव मुलीला ठेवू नको हे तुला सांगायचे, ते भावाचे काम आधी उरकते. बाई गं, चांदेल हे आपल्याच तालुक्यातले गाव. पेडण्यात नळ उघडला की चांदेलचेच पाणी येते. उद्या तू अंगणातून पोरीला हाक मारलीस तर शेजारणी घागरी घेऊन धावतील. शाळेत बाई विचारतील, तुझे नाव काय, आणि ही सांगेल चांदेल, तर बाई म्हणतील गाव नको, नाव सांग. झाले. सांगितले मी. भिकाजीने विचारले तर म्हण, आत्याने पुष्कळ समजावले.

पण मला खरी उत्सुकता निराळीच आहे. तू लिहिलेस की बाळ पोटात पहिल्यांदा हलले ते त्या गावात, म्हणून हे नाव. एवढेच ना? तुला दुसऱ्या कोणी काही सांगितले नाही ना?

पावसाळ्यात तुमची गाडी तिकडे बंद पडली होती, तो दिवस मला आठवतो. रुद्रेश मेकॅनिक शोधायला गेला आणि तू एका घराच्या सोप्यावर बसलीस. घरी आलीस ती हातात हे एवढे थोरले तवसे, पावसाळी काकडी, घेऊन. मी ते किसत होते, आणि तू हसत हसत सांगत होतीस. एका म्हाताऱ्याने पाणी दिले, तुमी कोणाचीं म्हणून विचारले. पेडण्याच्या भिकाजींची सून म्हटल्यावर म्हणाला, "सुशीला बरी आसा मगे?" तू म्हणालीस, आमच्यात सुशीला कोणी नाही. तरी त्याने मळ्यात जाऊन तवसे आणून दिलेच. तेवढ्यात बाळ हलले, आणि तू त्या म्हाताऱ्यालाच विसरून गेलीस.

मी विसरले नाही. मला त्या घरातले कितीतरी विचारायचे होते आणि तेव्हा विचारता येईना. सोप्याच्या डाव्या हाताला विहीर आहे का अजून? पाणी काचेच्या कोपातून दिले की तांब्यातून? तांब्यातून दिले असेल तर त्याच्या काठाला एक पोचा आहे, तो तुझ्या ओठाला लागला का? तो पोचा माझ्या हातून पडला आहे. आणि त्याचे केस अजून कपाळावर येतात का? घरात आणखी कोणी दिसले का? हा शेवटचा प्रश्न खोडणार होते. राहू दे.

आता तुला कळले असेल. सुशीला म्हणजे मी.

माझे लग्न मोडले एवढे तुला ठाऊक आहे, कोणत्या गावचे ते कोणी सांगितले नसेल. नवऱ्याने, त्याच सोप्यावरच्या सगुणने, तांदळाच्या ताटात अंगठीने माझे नवे नाव लिहिले, सुशीला. मला ते मुळीच आवडले नव्हते. सासू हाक मारायची आणि मी मागे वळून बघायची, कोणाला बोलावतात म्हणून. मग हळूहळू सवय झाली, आणि सवय झाली तेव्हाच गणपतीची चवथ आली. पहिल्या चवथीला मुलीच्या सासरी ओझे पाठवतात, तसे बाबांनी पाठवले. नेवऱ्या, लाडू, फळे, सगळे रीतसर. ते घेऊन आला भिकाजी, तेव्हा कॉलेजात होता. सासूबाई टोपलीकडे बघून म्हणाल्या, "वाड्यार वांटपाक पुरचें ना हें." वाड्यावर वाटायला पुरणार नाही म्हणाल्या, ते रागाने नव्हे, दारी माणसे पुष्कळ म्हणून. भिकाजीने ते वाक्य जसेच्या तसे पेडण्याला नेले. बाबांना ते लागले. चवथीनंतर मी चार दिवस माहेरी आले ती इथेच राहिले. सगुण मला न्यायला आला होता आणि फाटकातूनच परत गेला, हे मला दिवाळी उलटल्यावर कळले. पुढे सोडचिठ्ठीचे कागद झाले. जायचे आहे का, असे मला कोणी विचारले नाही.

तेव्हापासून या घरात त्या गावाचे नाव कोणी घेत नाही. नळाला पाणी आले तरी भिकाजी 'वयलें उदक', वरचे पाणी, एवढेच म्हणतो. त्याला वाटते, माझ्यासाठी जपतो आहे. मला वाटते, स्वतःसाठी. त्याला इतकी वर्षे ते एक वाक्य पोटात घेऊन जेवावे लागले आहे. मी त्याच्यावर कधी रागावले नाही, पण हे त्याला सांगायचे तर आधी त्या गावाचे नाव घ्यावे लागले असते.

मला तो गाव आवडत होता, गौरवी. तो माणूसही.

तेव्हा नाव बदलू नकोस. कुंचीवर 'चां' भरून सुई अडली होती, आज पुढची अक्षरे भरते. रविवारी बारशाला तुझ्या माहेरी मुळगावला येते. कानात सांगून झाले की नाव सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणायचे असते, तेव्हा भिकाजीला माझ्या समोर बसव. मी ते नाव हसून घेते, हे त्याने डोळ्यांनी बघू दे.

आणखी एक काम तुझ्याकडे. त्या तवशाच्या बिया मी राखेत घोळवून ठेवल्या आहेत. पाऊस लागला की परसात लावीन. पोर तोवर बसायला लागेल. तवशी धरली की तिला घेऊन त्या सोप्यावर पुन्हा जा. तो सुशीलाची चौकशी करील. या वेळी सांग, आसा, बरी आसा. आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. त्याच तवशांची गोड तवसळी मी भाजून देईन, सगळ्या वाड्यावर वाटून पुरेल एवढी.

तुझी आत्या,
सुशीला