बारा सेकंदांचा टायमर

३ मार्च, मंगळवार
टायमर चालला! अंगठ्याएवढी चावीची डबी. शटरच्या बटणात पिळून बसवायची, चावी द्यायची — बारा सेकंद घरघरते, मग पोटातून सुई बाहेर येऊन बटण दाबते. दुकानदार म्हणाला होता, भंगारात टाका. स्प्रिंग मी स्वतः सोडवून साफ केली. कुठल्या कोर्सला गेलो नव्हतो! सुईची लांबी लहान कॅमेऱ्यावर जुळवली. चारदा चाचणी, चारही वेळा बिनचूक.

४ मार्च
बायकोच्या गालातली गाठ परवा काढणार. डॉक्टर म्हणाले, नस कापावी लागेल, चेहऱ्याची डावी बाजू ओघळेल. घरी आलो. चपला काढताना ही म्हणाली, त्याआधी आपला दोघांचा एक फोटो काढा.
सव्वीस वर्षांचे अल्बम चाळले. मी कुठेच नाही.

५ मार्च, गुरुवार
अशा फोटोला मोठाच कॅमेरा हवा. रोलमध्ये एकच फोटो शिल्लक. लेक म्हणाली, बाबा, मी दाबते ना बटण, नाहीतर मोबाईलवर तरी एक काढून ठेवते. म्हटलं, तुझा हात हलतो, आणि मोबाईलवरच्याला मी फोटो म्हणत नाही. फुरंगटून बाहेर गेली.
खिडकीचा उजेड. अंतर सात फूट, टेपने मोजलेलं. चावी देऊन धावलो, हिच्या शेजारी बसलो. घरघर सुरू. हिने माझा हात धरला. खट! तरी सोडला नाही. मीही उठलो नाही. असं बसून किती वर्षं झाली, आठवेना.
संध्याकाळी दवाखान्यात भरती.

६ मार्च
पाच तास. गाठ निघाली. नसही गेली.

८ मार्च, रविवार
बाथरूममध्ये रोल धुतला. अकरा फोटो आले. बारावा कोरा. आरपार दिसतं.
कॅमेरा पाहिला. शटर अजून ताणलेलंच! तीन दिवस तसंच. मोठ्या कॅमेऱ्याचं बटण जास्त खोल दाबावं लागतं, सुई अर्धा मिलिमीटर कमी पडली. खट वाजलं ते नुसत्या टायमरचं. कॅमेरा बदलला की सुई पुन्हा जुळवायची — हे मी लोकांना शिकवतो. मी!
आता तो चेहरा कुठून आणू?
लेकीला सांगितलं. बोलेल भरपूर असं वाटलं होतं. "आईला तुम्ही सांगायचं, मी नाही," एवढंच म्हणाली.

९ मार्च
तोंडाला बँडेज, बोलायची मनाई. डावी पापणी मिटत नाही. सांगायला म्हणून वाकलो आणि विचारलं, उशी नीट करू का. भित्रा!

१० मार्च
सांगून टाकलं. सुई, अर्धा मिलिमीटर, सगळं. हिने वही मागितली. लिहिलं —
"शटर वाजलं नाही, मला तेव्हाच कळलं होतं. बोलले असते तर तुम्ही उठून गेला असतात."