हिवाळ्याचा तळ आणि दुधाची पळी

मृत्युपत्र लिहून ठेवणार चोइजिलची मुलगी यंजमा, वय चौऱ्याहत्तर, धंदा पशुपालन, राहणार बुलाग तालुका, दक्षिण गोबी, मंगोलिया. माझे डोके ठिकाणावर आहे. खाण कंपनीच्या साहेबाला तसे वाटत नाही, कारण मी दोनदा सही नाकारली. म्हणून तालुक्याच्या डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. शेअर. समाजवाद संपला तेव्हा सरकारने रंगीत कुपने वाटली आणि सांगितले, आता कारखान्यांचे मालक तुम्हीच. माझ्या नवऱ्याने ती देऊन लोकरीच्या गिरणीत हिस्सा घेतला. ज्यांनी गिरणीची यंत्रे विकली त्यांचे राजधानीत बंगले झाले. आमच्या मालकीची म्हणाल तर गिरणीच्या दाराची कडी मिळाली, ती अजून शेळ्यांच्या कोंडवाड्याला आहे. पुढे कोळशाचेही शेअर वाटले. कोळसा रोज सीमेपलीकडे जातो, शेअर पेटीतून हललेले नाहीत. ते सगळे माझ्या धाकट्या मुलाला, झेवेगला द्यावेत. त्याचा असल्या कागदांवर फार विश्वास.

कलम २. तंबू, उंट आणि शेळ्यामेंढ्या माझी मुलगी नोरजिन हिला. राबते तीच.

कलम ३. हिवाळ्याचा तळ. डोंगराच्या आडोशाला आहे, म्हणून जनावरे थंडीत तगतात. कंपनीला तिथून ट्रकचा रस्ता काढायचा आहे. आमच्यात तळ धाकट्या मुलाकडे जातो, हे कंपनीने बरोबर हेरले. झेवेगला नोकरी दिली, डोक्यावर हेल्मेट चढवले आणि आईची समजूत घालायला पाठवले.

"आई, सही कर गं. देश पुढं चाललाय."

"कुठं चाललाय? ना समुद्र, ना बंदर. शेजारच्या देशानं सीमेचं फाटक लावलं की ट्रकांची रांग आपल्या कुरणात."

"खजिन्यावर बसलीयेस तू, कळतंय का तुला?"

"मग बसू दे की मेल्या!"

तर रिवाज मोडून तळही नोरजिनला देते. तिने तो कंपनीला कधीही देऊ नये. झेवेगने भांडू नये. तो भांडेलच.

कलम ४. लाकडी पळी. कोणी प्रवासाला निघाले की मागे दूध शिंपडायचे, म्हणजे माणूस सुखरूप परत येतो. खडक तपासणारे तिघे पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना चहा दिला, मटण उकडून घातले. का आलात म्हणून पाहुण्याला विचारत नाहीत, म्हणून विचारले नाही. निघाले तेव्हा त्यांच्या जीपमागे दूधही शिंपडले. अगदी सुखरूप परत आले मेले, यंत्रे घेऊन!

पळी नोरजिनला. कंपनीच्या गाडीमागे यापुढे थेंबही सांडायचा नाही. अपवाद एकच. माझ्या अंत्यविधीला झेवेग कंपनीच्याच गाडीतून येईल आणि तळ गेला म्हणून तणतणत निघेल. नोरजिन, त्या गाडीमागे शिंपड. पळी भरून शिंपड, पोरी. माझं लेकरू परत यायला हवं.

सही: यंजमा
साक्षीदार: दुलमा, निवृत्त शिक्षिका. लुन्देग, पूर्वी पशुपालक. स्वतःचा तळ कंपनीला दिल्यापासून खाणीच्या फाटकावर पहारेकरी.
बुलाग, ९ ऑक्टोबर २०१९