जहाजाचा गॅस थांबवल्याचा खुलासा

आबा, मी तुमच्यावर चिडले आहे. तुम्ही जाऊन दहा वर्षं होऊन गेली, आणि गेलेल्या बापावर चिडू नये असं आई म्हणते. पण सकाळपासून मी स्वयंपाकघरात पाटावर बसून ऑफिसला द्यायचा एक खुलासा लिहिते आहे आणि प्रत्येक ओळीला तुम्ही आडवे येता. म्हणून तो बाजूला ठेवून आधी तुम्हालाच लिहिते.

माझं काम तुम्ही पाहिलं नाहीत. मी कोकणात एका बंदरावर नोकरीला आहे. आता काही जहाजं गॅसवर चालतात. नैसर्गिक वायू इतका गार करतात, उणे एकशे बासष्ट अंशांपर्यंत, की त्याचा द्रव होतो. तो टँकरने धक्क्यावर येतो आणि जाड नळीतून जहाजाच्या टाकीत भरायचा असतो. भर उन्हात त्या नळीवर पांढरा बर्फ चढतो. पहिल्यांदा तो बघितला तेव्हा मला तुमचं तासगावचं कोल्ड स्टोरेज आठवलं. बेदाण्याच्या पेट्यांच्या थप्प्या, आणि एप्रिलच्या उन्हाळ्यात स्वेटर घालून कॉम्प्रेसरकडे जाणारे तुम्ही. फरक एवढाच, की स्टोरेज गार ठेवणाऱ्या तुमच्या अमोनिया वायूला वास होता. नाकात शिरला की माणूस पळत सुटायचा. आमच्या गॅसला वास नाही. घरच्या सिलिंडरमध्ये वास मुद्दाम घालतात, इथे घालत नाहीत. गळती फक्त यंत्राला कळते. नळीच्या जोडाजवळ यंत्र घेऊन उभं राहायचं, आकडा चढला की लाल बटण दाबून सगळं बंद करायचं, ही माझी जबाबदारी.

गेल्या मंगळवारी यंत्र वाजलं. आमचे जुने फोरमन हसत म्हणाले, "ताई, तुम्हाला वास येतोय का? मला तर काय येत नाय. मशीनला उन्हाचं लागलं असेल." मी म्हणाले, "वास येत नाही म्हणूनच मशीन दिलंय, काका." आणि बटण दाबलं. धक्का रिकामा केला. नंतर जोड उघडला तर आतलं पॅकिंग फाटलेलं. ते बदलायला हवं हे मी आधी दोनदा लेखी कळवलं होतं. जहाज चार तास उशिरा सुटलं, जहाजवाल्यांनी तक्रार केली, आणि साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून चहा मागवला. "मॅडम, मला तुमचं वाईट करायचं नाही. एवढंच लिहून द्या, की आकडा वाचण्यात तुमचा गैरसमज झाला. तुमची कायम करायची फाईल माझ्याच टेबलावर आहे." वर चार दिवसांची रजाही दिली, घरी जाऊन शांतपणे लिहा म्हणाले. साहेब गोड बोलतात, आबा. तुमचे मालकही गोडच बोलायचे.

आईला हे सगळं सांगितलं. ती भाकरी थापतच म्हणाली, "मग लिव की बाई. एका वळीनं काय हुतंय? नोकरी ऱ्हाती, सायबाचा मान ऱ्हातो. तुजं आबा असतं तर त्येंनी बी..."

"तेच तर म्हणते मी," असं म्हणून मी ताटावरून उठले.

तुम्ही असता तर लिहून दिलंच असतं. दिलंतही. तो दिवस अजून समोर दिसतो: मी नववीत आहे. बेदाणा निवडायला येणारी शेजारची काकू अमोनिया गळाल्यामुळे डोळे चोळत, धडपडत स्टोरेजबाहेर आली आणि दोन दिवस दवाखान्यात पडून राहिली, त्याला आठवडा झालाय. संध्याकाळी तुम्ही कोरा कागद घेऊन चुलीपाशी बसता. गल्लीत कुणाचा रेशनचा अर्ज असो, लाईटचा असो, तो माझ्याकडेच येतो, आज तुमचा आलाय. "तुजं अक्षर चांगलं हाय. लिव. व्हॉल्व्ह मी नीट लावला न्हाई, चूक झाली म्हणून."

"पण तुमीच म्हणत हुता की व्हॉल्व्ह जुना हाय म्हणून. मालक बदलत न्हाईत म्हणून."

"तू नगं शिकवू मला!" तुमचा आवाज एवढा चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "मालकानं हाताला धरून कामाला लावलंय आपल्याला. त्येंनी घरच्यावानी शब्द टाकलाय. आपण न्हाई म्हणायचं नसतंय."

मी लिहिलं. तुम्ही सही केलीत. आणि वर्षाच्या आत तोच व्हॉल्व्ह फुटला. मास्क मालकाच्या ऑफिसातल्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली सांगलीला गेलेल्या मालकाच्या खिशात. तुम्ही ओला टॉवेल तोंडाला गुंडाळून आत गेलात. दोन बायांना बाहेर काढलंत आणि तिसऱ्यांदा आत गेलात ते आलाच नाहीत. लोक अजून म्हणतात, "लय वाघ गडी हुता." मला ऐकवत नाही ते. चौकशीला अधिकारी आले तेव्हा मालकांनी ड्रॉवर उघडला आणि तो कागद पुढे केला. "ह्यांच्याकडून आधी पण असंच झालं होतं. बघा, स्वतः लिहून दिलंय." अधिकाऱ्याने तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. आई पदर तोंडात धरून उभी होती, तिच्या शेजारी मी. व्हॉल्व्हचं नाव पुढे कुणी काढलं नाही.

मालकाचा राग मी इतकी वर्षं केला. त्या रागावरच इस्लामपूरला शिकले, घरातली पहिली पदवी आणली, हेच काम निवडलं. पण या आठवड्यात कळलं, की मोठा राग तुमच्यावरचा आहे. तुम्ही भित्रे असता तर मी समजून घेतलं असतं. गॅसमध्ये तीनदा शिरायला तुम्ही भ्याला नाहीत, आणि चहा पाजणाऱ्या माणसाला एकदा 'न्हाई' म्हणायला भ्यालात. हे कसलं धैर्य, आबा? आणि हीच शिकवण मला का दिलीत? साहेबांसमोर माझी मान आपोआप हलायला लागली होती. 'बरं सर' ओठांपर्यंत आलं होतं. ते तुमचंच होतं.

इथवर लिहून मी मधे खुलासा पुरा केला. यंत्राचा आकडा, फाटलेलं पॅकिंग, मी आधी दिलेली दोन पत्रं, सगळं तारखांसह लिहिलंय. गैरसमज हा शब्द कुठेही नाही. आईने विचारलं, "मग आता?" म्हटलं, "उद्या पहिल्या एसटीनं जाऊन देते." तिने डब्यात काय देऊ एवढंच विचारलं.

हा कागद मात्र कुठे द्यायचा नाही, म्हणून यात एक लिहिते. तुम्ही मला 'चूक झाली' एवढंच लिहायला सांगितलं होतं. मला ते अडाण्यासारखं वाटलं. शाळेत नुकतंच अर्जलेखन झालं होतं, मला दहापैकी नऊ गुण होते. म्हणून मी लिहिलं, 'माझ्या अक्षम्य निष्काळजीपणामुळे'. तुम्ही विचारलंत, "म्हंजे काय गं?" मी म्हणाले, "चूकच, पण चांगल्या भाषेत." तुम्ही कौतुकाने हसलात आणि सही केलीत. अधिकाऱ्याने पुढे चौकशीच्या कागदावर तुमच्या नावापुढे तेच दोन शब्द उतरवून घेतले. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.