सीट आपोआप पुढे सरकते

१४ जानेवारी, संध्याकाळी साडेसहा

गाडी आली. पांढरी. सर्वांत छोटं मॉडेल घेतलं, कारण आमच्या आचऱ्याच्या बाजारात मोठी गाडी वळत नाही. दुसरं काहीही कारण नाही. कंपनीचं नाव डायरीतसुद्धा लिहायचं नाही असं ठरवलंय. उद्या काही झालंच तर ही वही पुरावा ठरेल, आणि मला कोणाची बदनामी करायची नाही.

कुडाळहून घरापर्यंत शोरूमचा माणूस चालवत आला. मी शेजारी बसून लक्ष ठेवलं. माझं लायसन्स सत्तावीस वर्षांचं आहे. मध्ये प्रत्यक्ष चालवायचा योग आला नाही, पण रिन्यू वेळच्या वेळी केलंय.

सौ. कावेरीने नारळ फोडला, मग गाडीभोवती फिरून चारही टायर अंगठ्याने दाबून बघितले. बायकांना टायरमधलं काय कळतं? पण उत्साह आहे, असू दे.

संकल्प: रोज गाडीची नोंद. रविवारी सगळ्यांना घेऊन गोवा.

१९ जानेवारी, रविवार, सकाळी नऊ

गोवा रद्द. रिव्हर्स घेताना मागचा बंपर फाटकाच्या खांबाला लागला. खांब जागच्या जागी होता हे मान्य, पण आरशात तो लांब दिसत होता. आरशावरच छापलंय की वस्तू दिसते त्याहून जवळ असते. म्हणजे कंपनीला हा दोष आधीपासून माहीत होता! तक्रार क्र. १.

गौरजा (आमची मुलगी, कॉलेजचं पहिलं वर्ष, हसायचा रोग) हसली. कावेरी हसली नाही. तिने गोव्यासाठी केलेले घावणे घरीच वाढले.

२३ जानेवारी

पिकअप नाही. खालचा गिअर पेट्रोल पितो, म्हणून मी दुसऱ्यात सुरू करतो आणि लगेच तिसरा टाकतो. गाडी थरथरते, खोकते, बंद पडते. तक्रार क्र. २.

वळायची खूण द्यायला गेलं की वायपर सुरू होतो. आज बाजारात सलग तीन वळणांवर भर उन्हात वायपर. लोक आभाळाकडे बघत होते. तक्रार क्र. ३.

जाहिरातीत अ‍ॅव्हरेज लिटरला चोवीस. माझ्या हिशेबाने नऊ. तक्रार क्र. ४, लाल शाईने.

३० जानेवारी, संध्याकाळी

गाडीतून जळका वास. प्रीतमच्या गॅरेजवर नेली. त्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "सर, गाडीत फॉल्ट नाय. तुमी क्लचार पाय ठेवन बसतास. ता काय पायपुसणा आसा?"

प्रीतम माझाच विद्यार्थी. नववीत दोनदा. त्याच्या मताला किती किंमत द्यायची ते मी ठरवीन.

निर्णय: सोमवार ते शुक्रवार गाडीला विश्रांती. घरी निरीक्षणाखाली ठेवायची. शाळा चालत दहा मिनिटांवर आहे आणि चालणं प्रकृतीला चांगलं. किल्ली फ्रिजशेजारच्या खिळ्याला.

८ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी

गंभीर बाब. आठवडाभर उभी असलेल्या गाडीत बसायला गेलो तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. सीट पुढे आलेली! मी मागे केली. गेल्या शनिवारीही असंच झालं होतं, पण तेव्हा पोट वाढलं असेल असं वाटलं. तक्रार क्र. ८: सीट आपोआप पुढे सरकते.

आरसाही खाली झुकलेला.

गौरजाला दाखवलं. तिने विचारलं, बाबा, सीट आपोआप मागे का नाही सरकत? मी तिला उताराचा परिणाम समजावून सांगितला. ती म्हणाली, पण आपलं अंगण उतरतं ते मागच्या बाजूला. हल्लीची मुलं विषय भरकटवतात.

कावेरी गरम गरम आंबोळी घेऊन आली आणि म्हणाली, "जावन दे ओ, खावन घेवा." तिला यातली गुंतागुंत कळत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आता मीटरसुद्धा. मागच्या रविवारी संध्याकाळी ६१२ होता. आज ७०४. उभ्या गाडीचा! टाकीतलं पेट्रोलही उतरलंय, पण थोडं. हिशेब केला तर लिटरला एकवीस पडतात. म्हणजे गाडी उभी असताना एकवीस देते आणि मी चालवली की नऊ. हा सॉफ्टवेअरचा घोटाळा आहे, माझी खात्री झाली. तक्रार क्र. ११.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळी सहा

कावेरी मसुऱ्याच्या प्राथमिक शाळेत अठरा वर्षं आहे. सकाळची शाळा, बसने जाते, दीडपर्यंत घरी. आज तिला पत्र आलं. केंद्रप्रमुख करतायत. बारा शाळा तिच्या हाताखाली येणार. महिनाअखेर होकार कळवायचा.

मी आनंद व्यक्त केला. मग वस्तुस्थिती मांडली. बारा शाळा बारा वाटांना. निम्म्या ठिकाणी बस दिवसातून दोनदा. मी तुला नक्की सोडलं असतं, पण या गाडीचा भरवसा नाही. दोष कंपनीचा आहे. तुझ्या जिवाशी मी खेळू शकत नाही.

तिने विचारलं, "माका चलवूक येत असती तर?"

मी म्हटलं, मला सत्तावीस वर्षांचं लायसन्स असून ही गाडी आवरत नाही, तर तुझं काय? शिवाय गाडी सदोष असल्याने शिकण्यासही योग्य नाही. तिने पत्राची घडी केली आणि डाळीच्या डब्यामागे ठेवली. समजूतदार आहे.

गौरजा आज जेवताना माझ्याशी बोलली नाही. परीक्षेचं टेन्शन असावं.

२२ फेब्रुवारी, दुपारी

आंगणेवाडीची जत्रा. भराडी देवीच्या दर्शनाला गाडीनेच जायचं मी जाहीर केलं. देवीसमोर नव्या गाडीची ओटी भरल्यासारखं होईल.

मसुऱ्याच्या अलीकडच्या चढावर रांग थांबली. मीही थांबलो. रांग हलली. मी हललो नाही, म्हणजे हललो पण मागे. पाच वेळा बंद पडली. मागून हॉर्न. मागच्या टेम्पोतला एक जण उतरून म्हणाला, "काका, पयलो टाका, पयलो!" मी त्याला तिसऱ्या गिअरचं शास्त्र सांगत होतो तेवढ्यात कावेरी हळू आवाजात म्हणाली, "मी बगू काय?"

म्हटलं, काय बघणार?

चार माणसांनी गाडी ढकलून बाजूला लावली. कावेरी आणि गौरजा चालत दर्शनाला गेल्या. मी गाडीपाशी थांबलो. कोणीतरी थांबायला हवंच होतं. दोन ओळखीचे पालक भेटले, त्यांना इंजिनबद्दल माहिती दिली.

दर्शनाहून परत आल्यावर कावेरीचे डोळे लाल दिसले. धूळ फार होती.

२८ फेब्रुवारी

एसी लावला की बांगड्याचा वास येतो. आधी भास वाटला. गौरजालाही विचारलं. ती नाक धरून म्हणाली, बांगडाच, ताजा. एसीत गॅस कुठला भरलाय कोण जाणे. तक्रार क्र. १५.

योगायोग म्हणजे चंद्रावती (आमची मासळीवाली, बाजारातली शेवटची जागा तिची) आज दारात आली आणि न मागता चार सुरमईचे तुकडे देऊन गेली. म्हणाली, "वयनीनी आमच्यार उपकार केल्यानी ओ. नायतर ह्या उन्हात पाटी घेवन बसची वाट बघूची." मी अर्थ विचारणार होतो, पण कावेरीने तिला आत चहाला बोलावलं. गावात शिक्षकांबद्दल आदर टिकून आहे, हे बरं वाटलं.

३ मार्च

सतरा मुद्द्यांची तक्रार कंपनीला मेल केली. इंग्रजीत. "मोस्ट पेनफुली" हा शब्दप्रयोग दोन ठिकाणी. पैसे परत करा किंवा गाडी बदलून द्या, नाहीतर ग्राहक मंच.

स्टाफरूममध्ये वाचून दाखवली. सगळे गंभीर झाले. आमचे मुख्याध्यापक तर तोंडाला रुमाल लावून बाहेर गेले.

६ मार्च

विजय! कंपनीचा इंजिनिअर तपासणीला येतोय. सोमवारी चार वाजता. मी शाळेचं मैदान सुचवलं. साक्षीदार हवेत. सगळ्या स्टाफला निमंत्रण. कावेरीला म्हटलं, चहाचं बघ. "बगतंय," म्हणाली.

१० मार्च, सोमवार, संध्याकाळी सात

क्रमाने लिहितो.

इंजिनिअरचं नाव मिहीर. कोल्हापूरचा, वय पंचवीस असेल. नम्र. आधी मला चालवायला सांगितलं. शाळेमागच्या चढावर दोनदा बंद पडली. मी त्याच्याकडे विजयी मुद्रेने बघितलं. मग त्याने चालवली. चढली. मी म्हटलं, तुम्ही कंपनीचे, तुम्हाला गाडी ओळखते. सामान्य ग्राहकाने चालवून बघायला हवी. तो म्हणाला, बरोबर आहे सर, घरात आणखी कोण चालवतं? मी म्हटलं, कोणी नाही.

मग तो सीटकडे वळला. टॉर्च घेऊन पाऊण तास गाडीत उलटा झोपला होता. सीट हलवली, दाबली, दणके दिले. सरकेना. घामाने भिजला. म्हणाला, सर, अशी तक्रार देशात पहिलीच आहे, सीट काढून कारखान्यात पाठवावी लागेल. मी स्टाफकडे वळून म्हटलं, ऐकलंत?

तेव्हा कावेरी चहाचा ट्रे मुख्याध्यापकांच्या हातात देऊन पुढे आली. पोराला उगाच कशाला त्रास, असं काहीतरी पुटपुटली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "ती सीट मी सरकयतंय. माजे पाय पुरणत नाय म्हणान."

मिहीरने विचारलं, मॅडम, आरसा? "तोव मीच." मीटर? "रोज दुपारची जातंय." आणि एसीतला वास? "चंद्रावतीची पाटी. बिचारी उन्हात उभी आसता."

मग पर्समधून लायसन्स काढून तिने त्याला दाखवलं. मिहीर शेजारी बसला. तिने सीट पुढे घेतली, आरसा खाली केला. चढाच्या मध्यावर मुद्दाम गाडी थांबवली आणि पुन्हा उचलली. इंचभरही मागे आली नाही. वर जाऊन वळवली, खाली आणली आणि आंब्याचं खोड व मुख्याध्यापकांची स्कूटर यांच्यामध्ये उलटी लावली. योग्य बाजूचा इंडिकेटर देऊन.

टाळ्या झाल्या. कोणी सुरू केल्या ते मी बघून ठेवलंय.

अहवालात लिहिलंय: वाहन निर्दोष. चालकास प्रशिक्षणाची शिफारस. खाली माझी सही घेतली.

११ मार्च, सकाळी सहा

काल घरी आल्यावर मी विचारलं, लायसन्स कधीचं? गाडी यायच्या दोन महिने आधीचं. दिवाळीच्या सुट्टीत मालवणला रोज आईकडे जाते सांगून शिकली. मला का सांगितलं नाहीस? ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सांगलंय असता तर तुमी गाडीच घेतलास नसतास."

मी म्हटलं, असं काही नाही. तिने वर बघितलं.

मग म्हणाली, अठरा वर्षं बसमध्ये उभ्याने गेले. जत्रेत त्या चढावर गाडी ढकलणाऱ्यांत माझ्या शाळेतला एक पालक होता. खाली मान घालून चालत गेले. देवीला सांगितलं, आता पुरे. होकार दुसऱ्याच दिवशी पाठवलाय.

होकार! मला न विचारता. मी रागवायची तयारी केली, पण ती भाजी निवडत राहिली आणि मला सुरुवात कुठून करावी ते सुचेना.

एक गोष्ट लिहावी की नाही कळत नाही. काल ती चढावर थांबली आणि गाडी अलगद वर निघाली, तेव्हा क्षणभर मला फार बरं वाटलं. छाती भरून आली. मग आठवलं की सगळे माझ्याकडे बघतायत.

१ एप्रिल

कावेरी रुजू झाली. सकाळी साडेसातला गाडी घेऊन गेली. स्टाफरूममध्ये सांगितलं की पूर्ण विचारांती मी गाडी तिच्या कामासाठी दिली आहे. शिक्षणासाठी त्याग करावा लागतो. मुख्याध्यापकांनी पुन्हा रुमाल काढला.

४ एप्रिल, संध्याकाळी

मिहीरच्या शिफारशीचा विचार करतोय. कमीपणा म्हणून नव्हे. नवं तंत्रज्ञान आलंय, अनुभवी माणसानेही अद्ययावत राहावं. मालवणच्या ड्रायव्हिंग स्कूलला फोन केला. उचलला उर्वशीने, जिने कावेरीला शिकवलं. तीही माझीच विद्यार्थिनी निघाली. दहावीत गणितात मी तिला वर्गाबाहेर उभं करायचो, हे तिला तारखेसकट आठवतं.

म्हणाली, "सर, काळजी करू नका. हळू शिकणाऱ्यांची आमच्याकडे वेगळी बॅच आहे. रविवारी सकाळी साडेसात. पहिले दोन रविवार गाडी सुरू करायची नाही, नुसतं आत बसायचं."

एवढ्या सकाळी मालवणला बस नाही. कावेरी सोडणार आहे. साडेसहाला तयार राहा म्हणाली, पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही.