झाकण कोण उघडतं?

३ मार्च, मंगळवार

बरगड्या दगड! दिवसभर शिजल्या, तरी दगड. हे मुकाट्यानं चावत बसले. सासूबाईंनी एक तुकडा तोंडात घोळवला आणि ताटलीच्या कडेला काढून ठेवला. "माझे उरलेसुरले दात तुला जड झालेत का गं?" म्हणाल्या.

पण माझं काहीही चुकलेलं नाही. नणंदेनं स्लो कुकर पाठवला तेव्हाच फोनवर सगळं सांगितलं होतं. डुकराच्या बरगड्यांमागचा पातळ पापुद्रा ओढून काढायचा, मीठ-तिखट-लसूण चोळायचं, कांद्याच्या चकत्यांवर त्या उभ्या रचायच्या आणि वरून काळ्या सोड्याची, म्हणजे कोलाची, बाटली ओतायची. मंद आचेवर ठेवून खुशाल कामावर जायचं. संध्याकाळी बार्बेक्यू सॉस फासून ओव्हनमध्ये जरा वेळ, की झालं. "सोड्यानं मांस इतकं मऊ होतं ना वहिनी, हाड नुसतं ओढलं की हातात येतं! फक्त झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की सगळी ऊब जाते, आणि ती परत धरायला कुकर तास लावतो." हे तिनं परत परत बजावलं.

मी उघडलं नाही. मग कोणी उघडलं? काचेच्या झाकणाला एका बाजूला टवका उडालाय. सकाळी तो खिडकीकडे होता — मला पक्कं आठवतंय. संध्याकाळी भिंतीकडे!

४ मार्च, बुधवार

सासूबाई. दुसरं कोण असणार?

७ मार्च, शनिवार

आडून आडून विचारलं. "आई, कुकरचं झाकण पुसलंत का तुम्ही?"

"मला काय करायचंय तुझ्या त्या विजेच्या मडक्याचं! दुपारभर मी खाली शिंपीणबाईकडे काज-बटणं करत असते. विचार तिला!"

एवढं चिडायला काय झालं? खाई त्याला खवखवे.

आणि आणखी एक वेगळंच. सकाळी दूध नासलेलं निघालं. मी ते ओतून देणार, तोवर यांनी कपात घेऊन पिऊनसुद्धा टाकलं. तोंड वाकडं नाही की काही नाही! कॉफी भाजायच्या कारखान्यात सगळे यांना 'नाकोबा' म्हणतात. भट्टीतले दाणे नेमके कधी बाहेर काढायचे ते हे नुसत्या वासावर सांगतात — घड्याळ नाही, यंत्र नाही. घरी येताना जिन्यातूनच ओरडायचे, "अगं, लसूण जास्त झालाय!" मी चिडायचे. हल्ली जिन्यात काही ओरडत नाहीत. येतात, बूट काढतात, बसतात. महिन्यापूर्वी सर्दीनं आडवे झाले होते, त्यातून उठले ते असेच. विचारलं तर म्हणतात, "दमलोय."

नासकं दूध कळू नये, एवढं कुठे असतं यांचं लक्ष?

१० मार्च, मंगळवार

आज सापळा लावला! सकाळी बरगड्या कुकरमध्ये रचल्या, सोडा ओतला, झाकण लावलं. मग डोक्यावरचा एक लांब केस उपटून तो झाकण आणि भांडं यांच्यावर आडवा बसवला. दोन्ही टोकांना सोड्याचा एकेक थेंब. सोडा वाळला की किती चिकट होतो ते ओटा घासणारीलाच माहीत.

संध्याकाळी आल्या आल्या, चपला न काढता, आधी ओट्यापाशी. केस तुटलेला!

तरातरा खाली गेले. पण शिंपीणबाई शपथेवर सांगते, सासूबाई दुपारभर तिच्यासमोर होत्या. चहासुद्धा तिथेच झाला. आणि मग सुई दातात धरून म्हणते कशी, "साहेबांनाच विचारा ना. ते येतात हल्ली दुपारचे."

हे! दुपारी! घरी कोणी नसताना!

जेवताना मी सहज विचारल्यासारखं केलं. "दुपारी काही खाल्लंत का?"

"कुठलं! भट्टीपासून हलायलाच मिळालं नाही."

ताटलीत बघून सांगितलं. माझ्याकडे बघून नाही.

११ मार्च, बुधवार

आता हे ऐका — यांनी अत्तर आणलंय! सकाळी एवढं फासलं की सासूबाईंना शिंका सुरू झाल्या. "कुठं वरातीला निघालास का रे?" यांचा चेहरा पडला. "जास्त झालं का?" असं विचारलं, अगदी खरंच कळत नसल्यासारखं. इतका साळसूदपणा!

या माणसानं आजवर अंगाला वासाचा साबण लावू दिला नाही. "माझ्या कामात दुसरा वास चालत नाही." माझ्यासुद्धा पावडरीवर बंदी होती. आणि आता अत्तर? असा माणूस अत्तर स्वतःसाठी लावत नसतो. एवढं न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही.

झोप लागेल असं वाटत नाही. बरगड्यांचं जाऊ दे. मला भीती वाटते आहे.

१३ मार्च, शुक्रवार

मला पॅकिंगमधल्या बाईचा संशय होता. केस सोडून येते, आणि यांच्या बोलण्यात दोनदा आली होती. आज दुपारी मी काम करते त्या दातांच्या दवाखान्यातून कारखान्यात फोन लावला. उचलला तिनंच!

"साहेब ना? ते तर घरी जेवायला गेलेत. रोज जातात. तुम्हाला माहीत नाही?"

'तुम्हाला माहीत नाही?' हे असं म्हणाली की फोन आपटावासा वाटला. पण मग ध्यानात आलं — ती कारखान्यात, हे घरी. म्हणजे ती नव्हे.

मग कोण? आणि जी कोण आहे तिला माझ्या स्वयंपाकघरात आणून माझ्याच कुकरमधलं खाऊ घालतात? बरगड्या मात्र एकही कमी होत नाही. मी मोजते. हे काही जुळत नाही.

१७ मार्च, मंगळवार

उद्या अर्धी सुट्टी. दातांच्या डॉक्टरांना 'घरचं काम आहे' म्हणून सांगितलं. आहेच ते घरचं.

१८ मार्च, बुधवार

कसं लिहू?

सकाळी नेहमीसारखा कुकर लावून निघाले, आणि सासूबाई खाली गेल्यावर गुपचूप परत आले. त्यांच्या खोलीत दाराआड स्टूल घेऊन बसले. फटीतून ओटा दिसतो. काय काय बोलायचं ते मनात पाठ करून ठेवलं होतं. तिला काय बोलायचं तेही.

कुलूप उघडलं. हे आत आले. एकटेच. दार लागलं. मी वाट बघितली — मागून कोणी नाही.

सरळ कुकरपाशी गेले. झाकण उचललं आणि तोंड वाफेत घातलं. एवढं खाली की मला वाटलं भाजेल! डोळे मिटून ओढून श्वास घेतला. थांबले. परत घेतला. चेहऱ्यावरून पाणी निथळायला लागलं. मग झाकण ठेवलं, कॉफीचा डबा उघडून त्यात नाक घातलं. मग साबण. मग सासूबाईंच्या गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली — तिनं तर माझे डोळे लांबूनही चुरचुरतात! काही नाही. शिंक नाही, नाक मुरडणं नाही.

शेवटी खुंटीवरचा माझा घरातला स्वेटर काढला, धुवायला टाकायचा राहिलेला. तो तोंडाशी धरून उभे राहिले. किती तरी वेळ. "नाहीच," असं म्हणाले, मोठ्यानं, रिकाम्या घराला. आणि खांदे हलायला लागले.

मी स्टुलावरून उठले नाही. उठून काय सांगणार होते? मी तुमची बाई पकडायला बसले होते म्हणून? हे तोंड धुऊन, अत्तर लावून परत गेले. घामाचा वास येतो की नाही ते कळत नाही, म्हणून अत्तर! मला एवढंही सुचलं नाही. मी ढसाढसा रडले आणि मग बरगड्या बघायला झाकण स्वतःच उघडलं.

२० मार्च, शुक्रवार

डॉक्टरांना विचारलं, 'एका पेशंटच्या वतीनं' म्हणून. म्हणाले, सर्दीनं वास जातो कधी कधी. परत येतो, कधी येतही नाही. रोज उग्र वास घेत राहायचं, नाकाला सवय करायची. त्यांच्याकडे औषध दातांचं. यावर नाही.

वास परत आला नाही तर? यांना दुसरं काही काम येत नाही. नाकोबाचं नाक गेलं हे कळलं तर मालक यांना एक दिवस ठेवणार नाहीत. पाणी गळ्याशी आलंय आणि हा माणूस मला म्हणतो, 'दमलोय'!

२२ मार्च, रविवार

आज सांगून टाकलं. बरगड्यांवरचा पापुद्रा ओढत होते, हातात जोर लागत होता, म्हणून बोलणं सोपं गेलं. "उद्यापासून दुपारी झाकण हवं तेवढं उघडा. मी कुकर पहाटेच लावत जाईन."

यांच्या हातातली सोड्याची बाटली तशीच राहिली. "तुला कधीपासून माहीत आहे?"

"बुधवारपासून."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी मला वाटत होतं, बाई आहे."

यांनी बाटली ओट्यावर ठेवली. मग हसायला लागले. हसता हसता खाली बसले, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मीही बसले. माझे हात तिखटाचे, डोळेसुद्धा पुसता येईनात.

मग सगळं सांगितलं. दोन घाणे करपले. एकदा हाताखालच्या माणसानं ओरडून सांगितलं, एकदा तोही जागेवर नव्हता. यांनी दोष भट्टीवर ढकलला. मालकांना ते पटलेलं नाही. पुढच्या सोमवारी, तीस तारखेला, ते स्वतः भट्टीपाशी उभे राहून बघणार आहेत.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर खरं झालं असतं."

सासूबाई दारात उभ्या होत्या. कधीपासून, देव जाणे. "हा नासकं दूध प्यायला तेव्हाच मला कळलं होतं," म्हणाल्या. "पण या घरात झाकण उघडलं की लगेच माझंच नाव येतं. म्हटलं गप्प बसावं."

२६ मार्च, गुरुवार

लवंग, कापूर, व्हिनेगर, चोळलेला लसूण. रोज सकाळी आणि दुपारी. डोळे मिटून ओळखायचं. आज लवंगेला 'साबण' म्हणाले. बरोबर यावं म्हणून अंदाजानं ठोकत होते, मला कळतं. मीही 'जवळ आलात' म्हणाले.

२९ मार्च, रविवार

बरगड्या अखेर मऊ झाल्या होत्या. सॉस फासून ओव्हनमध्ये टाकल्या आणि नणंदेचा फोन आला, म्हणून गॅलरीत गेले. दार ओढून घेतलं. बोलता बोलता भान राहिलं नाही. आणि बाहेर गेलेल्या यांचा जिन्यातून आवाज — "अगं, करपतंय! सॉस करपतोय!"

धावले. कोळसा झाला होता. हे जिना चढून वर आलेले, धापा टाकत, ओव्हनसमोर गुडघे टेकून. लगेच यांच्या नाकाशी लवंग धरली — नाही. कॉफी — नाही. माझा स्वेटर — नाही. फक्त करपलेलं. "भट्टीला तेवढंच लागतं," हे म्हणाले, आणि माझा हात सोडेनात.

माझं मेलं संशयी मन! धूर बघून मला बरं वाटावं म्हणून तर ओरडले नसतील? म्हणून मी कोणाला न सांगता खाली गेले, जिन्यात उभी राहिले, वर बघितलं. स्वयंपाकघराची खिडकी बंद होती. जिन्यातून धूर दिसत नाही.