चाल नसलेली रेकॉर्ड

४ मार्च
माझ्या स्वतःच्या रेकॉर्डसाठी स्टुडिओ घेतला आणि सगळी सकाळ वाया! सॅक्सोफोनवाला उशिरा आला आणि आल्या आल्या म्हणे, "चाल कुठली?" अरे बाबा, चाल नाहीच! फ्री जॅझ आहे — एकमेकांचं ऐकायचं आणि सुचेल ते वाजवायचं. त्याने शहाण्यासारखी मान डोलावली आणि आमच्या रॉक बँडचं गाजलेलं गाणंच वाजवायला घेतलं. कपाळावर हात मारून घेतला.

५ मार्च
दादाला कच्चं रेकॉर्डिंग ऐकवलं. बँडचा गायक तो, बास गिटार माझी — मी शाळेत होते तेव्हापासून. त्याने अर्ध्यातच हेडफोन काढले. "भांडी पडल्यासारखं वाटतंय." बस्स. उठून गेला. मोठा भाऊ म्हणून किती गिळायचं?

९ मार्च
बँडची तालीम दादाने पुन्हा रद्द केली. कारण नाही. वर ड्रमरला — तो माझ्या रेकॉर्डवरही वाजवतोय — म्हणाला म्हणे, "तिला आता आपली गरज कुठंय!" म्हणजे वाईट मीच!
इकडे माझंही घोडं अडलंय. मोकळं वाजवायला बसते आणि बोटं आपोआप जुन्याच वाटेला लागतात. दादा गाताना जिथे श्वास घेतो तिथे थांबतात — तो खोलीत नसताना! इतका संताप आला की गिटार ठेवून जिन्यात जाऊन बसले.

१० मार्च
एक सूर धड नाही.

१४ मार्च
जमलं! सॅक्सोफोन मध्येच किंचाळल्यासारखा वाजला, ड्रमरला हसू फुटलं, मीही त्या हसण्यातच घुसले — कुठे निघालोय ते कुणालाच ठाऊक नाही! रेकॉर्डिस्ट काचेपलीकडे उभाच राहिला. दादाला फोन केला. उचलला नाही. मेसेज केला, तर उत्तरादाखल अंगठा. नुसता अंगठा!

१५ मार्च
राग निघाला वहिनीवर. "विचार त्याला, एवढा का जळतोय?" ती एवढंच म्हणाली, "तूच ये ना एकदा घरी." नाही गेले. मी का जाऊ?

१७ मार्च
दादा स्वतः स्टुडिओत आला. तोंड उघडलं, तर घशातून नुसती खरखर. गाठ आहे. डॉक्टरांनी गाणं कायमचं बंद केलंय. वहिनीला त्यानेच न सांगण्याची शपथ घातली होती.
माईकपाशी गेला. मग त्याच खरखरत्या आवाजात विचारलं, "इथे सूर नाही लागला तरी चालतं ना?"
माईक त्याच्या उंचीला आणला.