गिरासे डॉक्टरांचे नाक

नंदुरबार, फाल्गुन, १९६२

आदरणीय साडूभाऊ चुनीलालजी यांच्या सेवेशी,

धाकटा साडू रूपचंद याचा दवाखान्याच्या खाटेवरून आडवा नमस्कार. (उभा नमस्कार करायला अजून बंदी आहे.) आपण, मीनाबाई आणि मुले खुशाल असाल, विसरवाडीच्या नाक्यावर ट्रक थांबत असतील आणि दुकानातला गूळ मुंग्यांच्या आधी गिऱ्हाइकांना मिळत असेल, असे धरून चालतो. इकडे केळी निसवली आहे, कापूस घरातून गेला आहे, आणि रंजनाची तब्येत माझ्या आजारपणात चांगलीच सुधारली आहे, कारण घरात आवाज चढवणारे कोणी नाही.

माझ्या अंतर्गळाच्या (डॉक्टर त्याला हर्निया म्हणतात) ऑपरेशनची बातमी आपल्या कानावर आली असेल. निम्मी खरी आहे. ऑपरेशन उत्तम झाले. गिरासे डॉक्टरांचा हात असा हलका की शिवण पाहून आपल्या गावचा शिंपी लाजावा. पण दोन-चार दिवसांत ती सुंदर शिवण लाल झाली, फुगली, तिच्यातून पू येऊ लागला आणि अंगात ताप भरला. मी घाबरलो नाही. पेनिसिलिन नावाची सुई जगात असताना घाबरायचे कशाला? आमच्याकडे बाजाराच्या दिवशी एक सुईवाला सायकलवर येतो (त्याची पदवी कोणी विचारलेली नाही, त्यानेही सांगितलेली नाही). सर्दीला सुई, कंबरदुखीला सुई. आमच्या गावच्या केळीवाल्या लोटनने तर भाच्याच्या वरातीत नाचता यावे म्हणून घेतली होती, आणि नाचलाही. मीही वर्षाकाठी पाच-सहा घेतच होतो, आजार नसला तर पुढच्या आजारासाठी. म्हणून इथेही मी आनंदाने कूस वळवून दिली. सकाळी सुई, संध्याकाळी सुई. ताप मात्र जावयासारखा ठाण मांडून बसला.

तेव्हा डॉक्टरांनी मला समजावले. म्हणाले, दवाखान्यांमधून आता असे जंतू निघाले आहेत, ज्यांना पेनिसिलिनचे काहीच वाटत नाही. जिथेतिथे ती सुई टोचून टोचून दुबळे जंतू मेले आणि चिवट तेवढे उरले, त्यांचीच आता प्रजा वाढली आहे. मला ते चटकन पटले. सरकारी माणसे घरोघर डीडीटी मारायला आली, तेव्हा पहिल्या साली ढेकूण पटापट मेले आणि आता फवारणी सुरू झाली की खाटेतून बाहेर येऊन बघत बसतात, हे आपण दोघांनीही पाहिले आहे. खरे सांगू? मला त्या जंतूचे कौतुकच वाटले. एवढासा जीव, डोळ्यांना दिसत नाही, आणि विलायतेहून आलेल्या औषधाला दाद देत नाही! पण तो माझ्याच पोटात राहत होता, त्यामुळे कौतुक फार काळ टिकले नाही. ताप चढला की मी बैलांची नावे घेत असे आणि रंजना माझे नाव घेऊन हाका मारत असे. उखाण्याशिवाय. लग्नानंतर पहिल्यांदाच! त्यावरून मी काय ते ओळखले, आणि मला फार भीती वाटली.

त्यात गावाची रीत तुम्हाला माहीत आहे. आजाऱ्याला भेटायचे म्हणजे गाडी जुंपून जायचे, आणि गेल्यावर दुखणे डोळ्यांनी पाहायचे. नुसते ऐकून परत येणारा माणूस गावात काय सांगणार? रोज एक गाडी येई आणि प्रत्येक जण पट्टी उचलून बघे. माझी चुलती धनुबाई हिने तर कमरेला खोचलेली हळदीची पुडी काढली. मी पट्टीवर हात ठेवला, तर मलाच रागावली, "आते माले देखू दे! इतली दूरथीन काय तुन्हं थोबाड देखाले उनू का मी?" तिचे बोट जखमेपासून वीतभर अंतरावर असताना डॉक्टर आत आले आणि असे ओरडले की शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. मग मात्र त्यांनी स्वतः पाणी घालून साबणाने तिचे हात धुतले, तिला स्टुलावर बसवले आणि का ओरडलो ते सांगितले. धनुबाई मला म्हणाली, तिचे हात आजवर कोणी धुतले नव्हते. आता ती गावात त्यांचा उल्लेख 'माझा मुलगा' असाच करते.

डॉक्टरांनी माझा पू बाटलीत भरून मुंबईला पाठवला. (मी अजून मुंबई पाहिलेली नाही.) तिकडून उत्तर आले आणि मागोमाग दुसरे औषध आले. त्याचे नाव माझ्या जिभेला वळत नाही, पण तापाला बरोबर कळले. तो उतरला. डॉक्टरांनी जखम उघडून धुतली आणि उघडीच ठेवली. आता ती तळातून भरून येते आहे. इथे दुसरा कोणी असता तर मिशांवरून हात फिरवला असता. हे मात्र म्हणाले, हा जंतू आला कुठून? त्यांनी नर्सच्या, कंपाउंडरच्या, झाडूवाल्याच्या, सगळ्यांच्या नाकात कापसाची काडी फिरवली. शेवटी स्वतःच्याही. त्या काड्याही मुंबईला गेल्या. उत्तर आले त्या सकाळी डॉक्टर माझ्या खाटेशी बसले, दारातून दोन खेड्यांची माणसे बघत होती, आणि म्हणाले, "रूपचंदभाऊ, तुन्हा जखममा जो जंतू शे ना, तो मन्हाच नाकमाईन उना. माले माफ कर."

साडूभाऊ, तुम्हीच सांगा. आपल्या मापात दोष आहे, असे भर दुकानात सांगणारा व्यापारी तुम्ही पाहिला आहे का? (तुमचा अपवाद धरून विचारतो.) त्यांना गप्प राहता आले असते. नाकातले कोणाला दिसत होते?

पण दारात लोटन उभा होता. त्याचा ऊर भरून आला. केळी घेऊन तो प्रकाशा गावापासून शहाद्यापर्यंत जिथे जिथे गेला, तिथे डॉक्टरांची तोंड भरून स्तुती करत सुटला, "असा सच्चा डॉक्टर देखा नही भो! सोताना नाकमधला जंतू रूपचंदना पोटमा घाला, आन सोताच सांगी दिन्हं!" ही स्तुती ऐकून दवाखाना रिकामा झाला. खाटांवर आता मी एकटाच आहे. मोलगीकडचे लोक रोगी झोळीत घालून डोंगर उतरतात, तेही नंदुरबारच्या वेशीवर हे ऐकून माघारी फिरले. त्यातल्या झोळीतल्या एका बाईचे पुढे काय झाले, ते डॉक्टर अजून विचारत फिरतात. सुरतेहून त्यांना नोकरीचे बोलावणे आहे. ते गेले, तर डोंगराच्या माणसांनी झोळी उतरवायची कुठे?

असो. तुमचा वेळ फार घेतला. मीनाबाईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला अजून हयात साडू,
रूपचंद

ता. क. डॉक्टरांनी नाकात मलम घालून घेतले. मुंबईची त्यापुढची दोन्ही उत्तरे स्वच्छ आली. ऑपरेशनची खोली धुऊन, उकळून, चुना मारून तयार आहे. आता पहिला रोगी तेवढा पाहिजे. एक जण धडधाकट चालत घरी गेला की बाकीचे आपोआप येतील.

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. तुमचेही अंतर्गळ आहे. तुम्ही ते धोतराआड दडवता, पण पोते उचलताना एक हात कुठे जातो, हे नाक्यावरच्या ट्रकवाल्यांनाही पाठ आहे. डॉक्टर म्हणतात, ते कधी अडकले तर विसरवाडीहून इथे पोहोचेपर्यंत माणूस राहत नाही. म्हणून पहिला रोगी आमच्या घरचाच येईल, असा शब्द मी दिला आहे.

ता. क. मीनाबाईंचा होकार रंजनाकडे आला आहे. तुमचे कपडे बांधून झाले असतील. सोमवारची पहिली बस. हे पत्र आपले नुसते माहितीसाठी.

ता. क. भीती वाटेल, ती वाटू द्या. पण बसमधून उतरताना चेहरा हसरा ठेवा. डॉक्टर तुमच्यापेक्षा जास्त घाबरले आहेत, आणि त्यांना धीर द्यायला तुमच्याशिवाय कोणी नाही.